सरांच्या आवाजाला पान्हा

माझं माहेर तिकडं शाहूवाडीच्या डोंगरात, भाताचा मुलूख, पावसाळाभर कपडे चुलीपाशी वाळवायचे आणि पुस्तकंबी तिथंच वाळवायची, त्यामुळं आमच्या पुस्तकांना धुराचा वास. शाळा सातवीपर्यंत, दोन खोल्यांची. गुरुजी एकटंच. एका खोलीत शिकवाया लागलं की दुसरीत दंगा, मग त्येनी काय करायचं, आमच्या खोलीच्या खिडकीत रेडिओ आणून ठेवायचं. शाळेच्या पोरांसाठी रेडिओवर धडं लागायचं तवा. एक बाई बोलायची, काय गोड आवाज, बालमित्रांनो, ऐकताय ना, अशी म्हणायची, आणि आम्ही सगळी पोरं एका दमात व्हय म्हणून वरडायचो. आमच्या गावात मला असं ऐकताय ना कुणी कधी विचारलंच नव्हतं. म्हणून मला ती बाई लई आवडायची.

एकदा तिनं समुद्राचा धडा सांगितला. समुद्राचं पाणी खारट असतं, पिता येत न्हाय म्हणली. मी उभी ऱ्हायले, बाई, मग मासं तान लागल्यावर काय पित्यात? बाई आपली पुढं बोलतच ऱ्हायली, लाटा आणि गलबतं आणि काय काय. मला वाटलं ऐकू गेलं नसंल, म्हणून मी रेडिओजवळ तोंड नेऊन जोरात विचारलं. सगळी वर्गातली पोरं फिदीफिदी. गुरुजी दारात आलं आणि म्हणलं, शालन, खाली बस, तिला न्हाय ऐकू येत, ह्यात तिकडनं इकडं येतं, इकडनं तिकडं जात न्हाय. काय सांगू तुला, मला इतकं वाईट वाटलं, मग ती ऐकताय ना असं विचारती कशाला?

सातवी झाली आणि पुढची शाळा ओढ्यापलीकडं, पावसात ओढा असा की माणूस काय, बैल उतरत न्हाय. माझं नाव तिथंच थांबलं. थोरला भाऊ मात्र मुंबईच्या गिरणीत चिकटायचं सोडून घरी शेती करत टपालानं शिकत हुता. आता तुला हसू यील, तुमच्याकडं बोट लावलं की वर्ग उघडतोय, तवा धडं टपालानं यायचं, जाड खाकी पाकिटात, पोस्टमन चिखल तुडवत यायचा. भाऊ लावणीत असायचा, हात चिखलाचं, मग मी बांधावर बसून त्येला धडा वाचून दाखवायची. त्येनं ऐकत ऐकत रोपं लावायची. मला काय कळायचं त्यातलं? अर्धं कळायचं न्हाय. पर वाचाया मिळायचं की. भाऊ पास झाला, आणि मी आईला म्हणलं, त्यातलं निम्मं मी पास झाले. आई म्हणली, गप, भाकरी थाप.

मग लगीन झालं आणि मी कोल्हापुरात आले. सासर म्हशीवाल्यांचं. आमचं मालक तरुणपणी तालमीतलं, आवाज असा की गल्लीच्या ह्या टोकाला बोललं की त्या टोकाची कुत्री उठून बसायची. सांच्याला म्हशी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाईक उभं असायचं, त्येंच्या समोर धार काढायची आणि फेसाळतं दूध गिलासात घालून द्यायचं. पावणं, घ्या की, अजून एक घ्या, असं मालक वरडायचं आणि धार मी काढायची. माझ्या हाताला म्हस लगेच पान्हावती. तुम्हा शाळा-कॉलेजवाल्यांना सांगावं लागतं, म्हस उभी केली आणि पिळली की दूध येत न्हाय. तिच्या मनात आलं पाहिजे. रेडकू हुंगाया मिळालं, ओळखीचा हात लागला, ओळखीचा आवाज आला, की ती दूध खाली सोडती, त्येला पान्हा म्हणायचं. आणि मनात न्हाय आलं तर तू पहाटंपर्यंत बस, थेंब मिळायचा न्हाय, वर लाथ मिळंल.

दुपारचं काम झालं की मी टीव्ही लावायची. सगळ्या बायका मालिका बघायच्या, आणि मला एकदा चॅनेल फिरवताना एक माणूस फळ्यावर लिहिताना दिसला. कॉलेजचा धडा हुता, इंग्रजीत. मला एक अक्षर कळलं न्हाय, पर मी बघत बसले. शेजारची काकू म्हणली, अगं ह्यो तुझा कोण लागतोय? मी म्हणलं, गुरुजी लागतोय. तिनं रिमोट काढून घेतला.

असं चाललं हुतं. मग पोराचं लगीन झालं आणि अश्विनी आली. सून. बारावी झालेली, तिला पुढं शिकायचं हुतं, पर पोरगा म्हणला सकाळ सांज म्हशी, मधी सैपाक, कॉलेजला जाणार कवा? ती नुसतं भांडी जोरात घासाया लागली. मला तो आवाज कळतोय. मी दुसऱ्या दिवशी तिला घिऊन मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर गेले, शाहूपुरीत एका जिन्यावर हुतं तवा, खाली मोटारीच्या सामानाचं दुकान. तिथल्या क्लार्कनं तिचं सगळं समजावून सांगितलं, घरी बसून शिकायचं, पुस्तकं मिळत्यात, रविवारी तास असतोय. आणि मग माझ्याकडं बघून सहज म्हणला, मावशी, तुमचंबी भरू का? मी म्हणलं, माझी सातवी झाल्या. तो म्हणला, मग काय झालं, आधी पूर्वतयारीची परीक्षा द्या, ती निघाली की बी.ए. मला वाटलं चेष्टा करतोय. अश्विनीनं माझा हात धरला आणि म्हणली, आत्या, भरा की, मला सोबत हुईल. हिकडं आमच्यात सून सासूला आत्या म्हणती.

घरी आल्यावर मालकांनी काय म्हणावं? म्हणलं, आता म्हशीबी तुला मॅडम म्हणतील. पोरगा हसला, गल्ली हसली, कट्ट्यावरची गिऱ्हाईकं हसली. हसू दे की. मी पूर्वतयारीची परीक्षा दिली, पास झाले, बी.ए.ला नाव लागलं, अश्विनी एक वर्ष थांबली माझ्यासाठी. म्हणली, आत्या, डिग्री घ्यायला दोघी एकदमच जाऊया. हे ध्यानात ठेव, ह्येच्यावर पुढचं सगळं हाय.

रविवारच्या तासाला आम्ही दोघी जायचो, डब्यात चटणी-भाकरी. समाजशास्त्राचं सर मला पहिल्या दिवसापासनं आवडलं. शांत आवाज, शुद्ध बोलायचं, प्रत्येक तासाला सुरुवात एकच, नमस्कार विद्यार्थी मित्रहो. आणि मधीच, इथं गोंधळ होऊ देऊ नका, म्हणून एक घोट पाणी प्यायचं. मग लॉकडाऊन आलं आणि तास फोनवर. अश्विनीनं मला सगळं शिकवलं, हितं दाब, तिथं दाब, पर आवाज बंद करायचं तेवढं मी विसरले. सर शिकवत्यात, आणि मी धार काढाया बसलीय, फोन गव्हाणीवर ठेवलाय, आणि माझं तोंड चालूच, सरक, सरक म्हणतो न्हवं, पाय उचल तिकडं, खाऊन खाऊन नुसतं अंग वाढवलंयस. सर म्हणाले, हे नेमकं कोणाला उद्देशून आहे? अश्विनी आतनं पळत आली आणि तिनं फोनवर बोट मारलं. मी आठवडाभर सरांना तोंड दाखवलं न्हाय, म्हणजे कॅमेरा बंद ठेवला.

लॉकडाऊन गेलं तरी फोनवरचं तास ऱ्हायलं. सर तास रेकॉर्ड करून पाठवायचं. मला ते बरं पडलं. सकाळ सांज धारंला बसलं की तास लावायचा. वाचून माझ्या डोक्यात कमी ऱ्हातं, डोळं मिटाया लागत्यात, पर हातात सड आणि कानात सर असलं की सगळं आत जायचं. एक धडा दहादा ऐकायची. आणि चंद्री पण ऐकायची. चंद्री म्हंजे आमची थोरली म्हस, कपाळावर चांदणं असल्यागत पांढरा ठिपका, दूध जगात भारी, आणि स्वभाव माझ्या सासूगत. तिला कुणाचाच हात चालत न्हाय, माझाच.

एक दिवस काय झालं, मी खाली बसलेबी नव्हते, चरवी विसळत हुते आणि आत अश्विनीनं तिच्या फोनवर तास लावला. नमस्कार विद्यार्थी मित्रहो. मी बघतोय तर चंद्रीनं कान टवकारलं, एक लांब हंबरडा, आणि सडातनं दूध टपाटपा. हात लावायच्या आधी! मी अश्विनीला बोलावलं, ती बघून मटकन खालीच बसली, हसून हसून. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तास न लावता बसले तर चंद्री ढिम्म. म्हंजे माझा हात नुसता नावाला, पान्हा सरांच्या आवाजाला. मालकांना खोटं वाटलं. म्हणलं, मी काय बोलू शकत न्हाय व्हय तसं? आणि तिच्या कानात आपल्या त्या आवाजात वरडलं, नमस्कार विद्यार्थी मित्रहो! चंद्रीनं चरवी अशी उडवली की ती पत्र्यावर जाऊन पडली. तवापासनं मालक सरांना मानाया लागलं.

आता परीक्षेचं सांगतो. शेवटचं वर्ष, लेखी पेपर झालं, तोंडी ऱ्हायली. तोंडी परीक्षा फोनवर, तोंड दिसलं पाहिजे, खोलीत एकट्यानं बसायचं, मागं कुणाचा आवाज आला, कुणी सांगताना सापडलं, तर रद्द, आणि रद्द म्हंजे पुढच्या वर्षी. अश्विनी म्हणली मी तुमच्याशिवाय जाणार न्हाय डिग्रीला. म्हणजे माझं बुडलं की तिचंबी थांबणार. त्याची धास्ती हुतीच, पर खरं सांगू का तुला? मला दुसरीच धास्ती. इतकी वर्षं मी लांबचं आवाज ऐकत आले, रेडिओ, टपाल, टीव्ही, फोन, सगळं तिकडनं इकडं. ह्या टायमाला पहिल्यांदा तिकडचं माणूस गप बसणार आणि मी बोलणार. आणि माझ्या तोंडातनं काय आलंच न्हाय तर?

अश्विनीची सकाळी झाली, फाडफाड बोलली पोरगी. माझा नंबर दुपारी हुता. पर पुढच्यांची रेंज जायाची, कुणाचा कॅमेरा चालंना, असं करत करत माझा नंबर मागं मागं सरकत सांजच्यावर आला. आणि सांजचं काय, तर आण्णा यायचं. आण्णा म्हंजे शाहूपुरीतलं व्यापारी, जैन, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्येंची आई लई म्हातारी, दिवस मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घेत न्हाय. दिवसभरात तिचं खाणं म्हंजे जवळजवळ चंद्रीचं दूधच, तेबी सूर्य हाय तवर. आण्णा किटली घिऊन रोज वेळेवर दारात, घरी नेऊन तापवून आईला द्यायचं. मालक बाकीच्या म्हशी घिऊन कट्ट्यावर गेलेले. चंद्री गोठ्यात. मी आत, लग्नातलं लुगडं नेसून, कुंकू लावून, फोनसमोर. आमच्या भिंती जाड, रेंज फक्त गोठ्याच्या खिडकीपाशी, त्यामुळं खिडकीलाच टेबल लावलेलं. अश्विनी बाहेर आण्णांपाशी, म्हणती, आण्णा, आज जरा थांबावं लागंल. आण्णा एकदा सूर्याकडं बघत्यात, एकदा दाराकडं.

फोनवर सर दिसलं, शेजारी एक मॅडम, चष्मा, कडक. सर म्हणाले, नमस्कार. तेवढंच. माझ्या पाठीमागनं चंद्री हंबरली, मी दचकले. सर म्हणाले, घाबरू नका ताई, औपचारिक शिक्षण आणि अनौपचारिक शिक्षण, यातला फरक सांगा. अगं, पाठ हुतं मला! झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि तोंडातनं शब्द न्हाय. लुगडं गळ्यापाशी टोचतंय, हात मांडीवर नुसतं पडलेलं, काय करावं त्येंना कळंना. सरांनी परत विचारलं, आणि त्येंचा आवाज आला की चंद्री परत हंबरायची, आता तर दावं ओढाया लागली. मॅडम म्हणाल्या, मागं कोण आहे? कुणी काही सांगतंय का तुम्हाला? मी म्हणलं, न्हाय बाई, कोण न्हाय. त्या म्हणाल्या, कॅमेरा फिरवा.

मी फोन उचलला आणि खिडकीकडं केला. चंद्रीनं तोंड खिडकीत घातलं, ओलं नाक सगळं स्क्रीनभर. मॅडम मागं सरकल्या. मी म्हणलं, ही आमची चंद्री, मॅडम. रागावू नका, तिचा दोष न्हाय. सरांच्या आवाजाला पान्हा सोडती ती. मी सगळं सांगितलं, धारंला बसून तास ऐकायची ते, चरवीचं, सगळं. मॅडमनी कागदावर कायतरी लिहिलं. मला वाटलं संपलं, अश्विनीचंबी वर्ष घालवलं मी. मग सर हळूच म्हणाले, म्हणजे हिनं माझे सगळे तास ऐकले? मी म्हणलं, व्हय सर, एक चुकवला न्हाय. सर म्हणाले, मग वर्गात सगळ्यात चांगली हजेरी हिचीच आहे.

मला धीर आला. मी म्हणलं, सर, एक इनंती हाय. आता हिनं दूध उतरवलंय, आत्ता न्हाय काढलं तर वर चढवती, मग आज मिळायचं न्हाय. बाहेर आण्णा थांबल्यात, त्येंची म्हातारी दिवस मावळल्यावर घेत न्हाय. सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी कागद चाळलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, खोलीत दुसरी व्यक्ती नको, एवढंच नियमात आहे. म्हैस व्यक्ती नाही. काढा धार, पण तुम्ही दिसला पाहिजे आणि उत्तर दिलं पाहिजे.

लुगड्याचा काचा मारला, तशीच गोठ्यात गेले, फोन गव्हाणीवर ठेवला आणि बसले. कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकवलं, हातात सड आला, पहिली धार चरवीत वाजली, आणि काय सांगू तुला, माझ्या तोंडातनं उत्तर आपोआप चालू झालं. औपचारिक शिक्षण म्हणजे ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, अनौपचारिक म्हणजे जे जगता जगता मिळतं, असं सगळं धारंच्या तालावर, शुद्ध भाषेत, सरांच्याच शब्दांत. मधी मी, इथं गोंधळ होऊ देऊ नका, असंबी म्हणले आणि तिथं जरा थांबले, कारण सर तिथं पाणी प्यायचं. मॅडम अशा हसल्या की त्येंचा चष्मा खाली पडला. सर म्हणाले, ताई, पाणी नका पिऊ, पुढं बोला. मग कुटुंबसंस्था विचारली, मग समाजीकरण, एकाला अडले न्हाय. हात चालू हुते न्हवं! चरवी भरली, अश्विनीनं खिडकीतनं हात घालून उचलली, एक शब्द बोलली न्हाय, हं, मॅडमकडं बघून तोंडावर बोट ठेवलं. आण्णांनी स्कूटरला किक मारलेली मला आत ऐकू आली. ऊन अजून पत्र्यावर हुतं. म्हातारीनं दूध घेतलं.

सर म्हणाले, छान. तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?

असं कधी कुणी म्हणलं नव्हतं गं. मला अभ्यासातलं काय सुचलंच न्हाय, मी म्हणलं, सर, समुद्राचं पाणी खारट असतंय, मग मासं तान लागल्यावर काय पित्यात? सर गडबडले. म्हणाले, हे माझ्या विषयातलं नाही, पण विचारून सांगतो. मला वाटलं, असंच म्हणायचं म्हणून म्हणलं असतील. परीक्षा संपली. बाहेर येऊन मी अश्विनीच्या गळ्यात पडून रडलेबी आणि हसलेबी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारंला बसले तर फोन वाजला, सरांनी बोलून पाठवलेलं. मी लावलं. नमस्कार शालनताई, मी विज्ञानाच्या मित्राला विचारलं, समुद्रातले मासे ते खारटच पाणी पितात, आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. प्रश्न चांगला होता. झालं, एवढंच. मी ते परत लावलं, परत लावलं. चंद्रीनं चरवी भरून दिली. मी तिच्या कुशीला टेकून म्हणलं, गुरुजी, बघा, गेलं की तिकडं. आमचं गुरुजी आता न्हाईत, न्हायतर फोन केला असता.

दोघी पास झालो. डिग्री घ्यायला एकदमच गेलो, एकाच रंगाच्या साड्या नेसून, आणि मालक तालमीतला फेटा बांधून आलं, माझं नाव पुकारल्यावर त्येनी जी आरोळी ठोकली ती ऐकून स्टेजवरच्या साहेबांचा हात थांबला. कट्ट्यावर आता मालक काय वरडतंय म्हाइताय? पावणं, घ्या की, शिकलेल्या म्हशीचं दूध हाय! गिऱ्हाईक म्हणतंय, नाद खुळा. आण्णांची आई शंभरीकडं चालली, परवा मला बोलावून साडी नेसवली आणि म्हणली, तुझ्या परीक्षेला माझ्यामुळं घाई झाली. मी म्हणलं, आजी, तुमच्यामुळंच हात मोकळं झालं माझं.

आता अश्विनी बी.एड. करती आणि मी एम.ए.ला नाव घातलंय. तिथं नवीन मॅडम शिकवत्यात, हुशार हाईत, पर चंद्री त्येंना दाद देत न्हाय. मग पहिल्यांदा जुन्या सरांचा नमस्कार लावायचा, तिनं दूध उतरवलं की मॅडमचा धडा. जमवून घ्यायचं. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या आता काय उपयोग, त्यातल्या दोघींनी यंदा नाव घातलंय, आणि त्येंच्या घरी म्हशी न्हाईत, त्या भाकरी थापत ऐकत्यात. माझं काय म्हणणं, हाताला काम असू दे आणि कानाला गुरुजी असू दे, सगळ्यांना असू दे.

झालं बघ माझं. तू तर काय बोललीच न्हाईस, नुसती मान हलवत बसलीस. ते दूध पी, गार हुतंय. आणि तुझं ते रेकॉर्डिंग चालू हाय न्हवं अजून? मग मधी चंद्री हंबरल्याली आली असंल त्यात. राहू दे, पुसू नको. तिचंबी ऐकू दे कुणीतरी.